मागून दोन हिसके

तो दिवा राहू दे, पोरांनो, बंदच बरा. बोलायला उजेड लागत नाही. उद्या तुम्ही त्या मैदानावर गाणी ऐकायला निघालाय म्हणून सांगतो, एरवी हा विषय मी काढत नाही. आमच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासतो तो बारक्या तुम्हाला माहीत आहे. अंगावर मांस नाही, पण जिभेला हाड नाही म्हणतात ना, त्यातला. हल्ली मात्र तो कुठेही गेला तरी पाठ भिंतीला टेकवून उभा राहतो, बघितलंय? त्याचंच हे.

बारक्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला रॉकचं भारी वेड. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा, अंगाने हा एवढा. दोघं शेजारी उभे राहिले की सुई आणि पोतं! गर्दीत घुसायची त्यांची एक रीत होती. बारक्या पुढे, फटीफटीतून वाट काढणार. दादा मागे. जीन्सला मागच्या बाजूला पट्टा ओवायची लुप्पी असते ना, तिच्यात दादाचं एक बोट अडकवलेलं. त्या गोंगाटात बोललेलं कुठलं ऐकू येतंय? एक हिसका म्हणजे, मी आहे, चल पुढे. दोन हिसके म्हणजे, पुरे, घरी चल. आणि पुढच्याने मागे वळून बघायचं नाही, वळलं की काढलेली वाट बुजते.

ती लुप्पी दर वेळी उसवायची. वहिनी लाल दोऱ्याने शिवून द्यायच्या आणि कुरकुरायच्या, "भाऊजी, तुमच्या भावाचं बोट आहे की आकडा?"

दोन हिसके दादा नेमके शेवटच्या गाण्याआधी द्यायचा. कारण घरी वहिनी जाग्या असायच्या. दाराजवळच्या खिळ्यावर स्कूटरची किल्ली अडकवल्याचा आवाज आला, की मगच त्यांचा डोळा लागायचा. त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांच्या लाडक्या बँडचं शेवटचं गाणं दोघांनी कधी ऐकलंच नाही.

गेल्या मार्चमध्ये दादा गेला. झोपेतच. दुखणं नाही, खुपणं नाही.

आणि नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी तोच बँड आला, त्याच मैदानावर. बारक्याचा पाय निघत नव्हता. वहिनीच म्हणाल्या, "जा. ते शेवटचं गाणं तेवढं फोनवर उतरवून आणा. चिमणीला ऐकवू, तिच्या बाबाचं राहून गेलेलं." चिमणी म्हणजे दादाची लेक. मग वहिनी दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "पण परत या हं, भाऊजी. एक जण मला न सांगता गेलाय."

वाटेत एका आजींचा दुरुस्त केलेला चष्मा पोचवायचा होता. तो पोचवला, त्यांच्या हातचं पाणी प्यायला, आणि दिवेलागणीला स्कूटर मैदानाबाहेर लावून बारक्या आत शिरला. वाट काढत थेट पुढे, लोखंडी कठड्याला छाती लावून उभा राहिला. मागे सगळी गर्दी. ढोल वाजला की बरगड्यांत घुमायचा. बऱ्याच महिन्यांनी गडी खूश होता.

शेजारी हिरवे केस रंगवलेली एक मुलगी होती. दोन गाण्यांच्या मधे ती त्याच्या कानाशी ओरडली, "तुमच्या मागच्या काकांना सांगा ना! पायावर पाय देतायत!"

"मी एकटा आलोय!"

मुलीने त्याच्या मागे पाहिलं. मग मान वर करून, आणखी वर पाहिलं. सरकून लांब उभी राहिली.

तेवढ्यात एक हिसका बसला. लुप्पीला.

बारक्या हसला. गर्दी आहे, अडकलं असेल कुणाचं काही. हसू नकोस रे तू, त्यालाही हसूच आलं होतं.

शेवटच्या गाण्याआधी त्यांनी सगळे दिवे घालवले. मैदान अंधारात. हजारो माणसं आणि चिडीचूप. बारक्याने फोन वर धरला.

दोन हिसके.

बोट थंड होतं. जाड जीन्समधून कळत होतं.

"दादा... आज नको. एवढं एक ऐकू दे. चिमणीसाठी..."

पुन्हा दोन.

"दादा, सोड..."

मग हिसका नाही. ओढ. पोतं ओढावं तसं कुणीतरी त्याला मागे ओढायला लागलं. टाचा मातीत घासत होत्या. अंधारात लोक बाजूला होत होते... त्याच्यासाठी नव्हे. फोनच्या उजेडात त्यांचे चेहरे दिसत होते. सगळे त्याच्या मागे बघत होते. वर.

मान वळवावीशी वाटली. पण वळायचं नाही. रीतच होती ती.

फाटक आलं. टर्रकन आवाज झाला.

सुटला.

आता मात्र तो वळला. मागे रस्ता. दिव्याचा खांब. कुणी नाही...

आधी त्याला रागच आला. तेवढ्यात गाण्याचा पहिला सूर लागला, गर्दी पुढे रेटली, आणि कडाडकन कठडा मोडला. बारक्या जिथे उभा होता, बरोब्बर तिथे. माणसांवर माणसं पडली. गाणं थांबलं. मग नुसत्या किंकाळ्या.

बारक्या धावत गेला. जमेल तेवढ्यांना ओढून काढलं. जीव कुणाचा गेला नाही, हाडं पुष्कळांची मोडली. ती हिरव्या केसांची मुलगी सापडली. पायाची नडगी मोडली होती. तिने त्याचं मनगट धरलं आणि एवढंच विचारलं, "ते काका... तुम्हालाच न्यायला आले होते ना?"

घरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती. दार वाजवलं. बऱ्याच वेळाने आतली कडी निघाली. वहिनी झोपेतून उठून आल्या होत्या.

"हे काय, भाऊजी? पुन्हा बाहेर कशाला गेला होतात?"

"पुन्हा? मी आत्ता येतोय, वहिनी."

"काहीतरीच! मघाशी खिळ्यावर किल्ली नाही का वाजली? ती ऐकली, तेव्हाच तर मला झोप लागली."

बारक्याने मूठ उघडली. किल्ली त्याच्या हातात होती.

दोघांनी हळूच खिळ्याकडे पाहिलं.

तिथे लुप्पी लटकत होती. निळी. लाल दोरा तसाच लोंबत होता...

मी स्वतः जाऊन पाहिलीय. अजून आहे तिथे, हात लावायला कुणी धजत नाही. किल्लीसाठी त्यांनी शेजारी दुसरा खिळा ठोकलाय.