वीतभर खाली

दामूचा निरोप आला तेव्हा गुणाबाई गोदामात ताका उलगडून कापड तपासत होती. बकुळा धनुष्य चुलीत घालायला निघालीय, लगेच ये. गुणाबाईनं दोषावर खडूची खूण केली आणि नारपोलीत भावाच्या, दामूच्या, खोलीकडे निघाली.

१९७७ सालचा जानेवारी होता. आदल्या दिवशी शेलारच्या मैदानावर तालुक्याची तिरंदाजी झाली होती. पहिली येणारी मुलगी पुण्याच्या संघात जाणार होती, आणि संघातल्या मुलींना कारखान्यात कायमची नोकरी मिळत होती. दोन महिने सरावात बकुळाचा बाण मधल्या ठिपक्याबाहेर गेला नव्हता. काल ती सहावी आली. मुख्य पंच तुळशीराम मास्तरांनी निकालाबरोबर शेराही दिला होता: लूमवाल्यांच्या पोरींनी कांड्या भराव्यात, धनुष्याला काळीज लागतं. मांडवातले लोक हसले होते.

गुणाबाईनं आधी भाचीच्या हातातून धनुष्य काढून घेतलं.

"बाण कुठे लागले?"

"खाली, आत्या."

"सगळे?"

"बाराच्या बारा. वीतभर खाली."

"डावीउजवीकडे एकही नाही?"

"नाही. एकमेकाला घासून होते. पण बारा संपेपर्यंत जवळ जायची बंदी होती, आणि लांबून काही कळत नव्हतं."

गुणाबाई वीस वर्षं कापडातले दोष शोधत आली होती. कारागिराचा हात चुकला तर दोष ताक्यात कुठेही सापडतो. दोष पुन्हापुन्हा एकाच जागी आला, तर कारागिराला बोलून उपयोग नसतो, लूम उघडावा लागतो.

"घाबरली असतीस तर बाण विखुरले असते," ती म्हणाली. "हे सगळे मिळून सरकलेत. तुझं काहीतरी बदललंय."

धनुष्य तेच होतं. बाणही तेच. उरला आकडा. तो दामूनं घडवला होता: मनगटाला चामडी पट्टा आणि पट्ट्याला पितळी आकडा. बोटांनी दोरी धरली की सुटताना ती थोडी आडवी घसरते. आकड्यात अडकवलेली दोरी अंगठ्याच्या एका दाबानं सरळ सुटते. तालुक्यात असा आकडा फक्त बकुळाकडे होता. नियमात त्याला बंदी नव्हती.

दामूनं घडवतानाचा जुना तारेचा नमुना काढून आकड्याशेजारी धरला. आकड्याची मान अर्धं बोट लांब होती.

"हा माझा नाही, ताई. नक्कल आहे," तो म्हणाला. हात रोजच्यासारखा गालापाशीच थांबणार. आकडा लांब, म्हणून दोरी तेवढी कमी ओढली जाणार, बाणाचा जोर घटणार आणि तो खाली लागणार, असं त्यानं समजावलं.

त्याला चौकीवर जायचं होतं. गुणाबाई म्हणाली, बोटाएवढ्या पितळेची तक्रार ऐकून फौजदार पोट धरून हसेल. आधी माणूस सापडू दे.

हुबेहूब दिसणारी नक्कल करायला मूळ आकडा काही दिवस हाताशी हवा. पंधरवड्यापूर्वी नियमाच्या तपासणीसाठी तो चार दिवस मास्तरांकडे होता. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांचं सामान तासभर पंचांच्या टेबलावर होतं. पहिली आलेली तुळजा मास्तरांचीच शिष्या. गुणाबाई आधी तिच्याकडे गेली. ती शेलारला वालाच्या शेतात होती.

"तू आकड्याला हात लावलास?"

"लावला. घालून बगत व्हते. मास्तरांनी काढून घेतला आन् आपल्या हातानं बकुळाच्या पिशवीत ठेवला."

"मास्तर कधी आकडा वापरतात?"

"न्हाय. त्यांना शिसारी हाय त्याची."

का विचारता, असं तुळजानं विचारलं. गुणाबाईनं सांगितलं. तुळजा विळा बांधावर ठेवून तिच्याबरोबर चालू लागली.

मास्तर ओटीवर तिरंदाजी मंडळाचे सचिव नामा पाटील यांच्याबरोबर चहा घेत होते. त्यांनी गुणाबाईला बस म्हटलं नाही.

"आकडा चार दिवस तुमच्याकडे होता," ती म्हणाली.

"कपाटात होता."

"तुम्ही लावून पाहिला?"

"तीस वर्षं तीन बोटांनी दोरी ओढतोय. ती पितळी कुबडी मी हातात घातलेली नाही आणि घालणारही नाही."

गुणाबाई न विचारता परसात गेली. तिथे पेंढ्याच्या भाऱ्यावर मास्तरांनी सरावासाठी लूमचं कोरं कापड ताणलं होतं. गोदामात उभी राहावी तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिनं नामा पाटलांना हाक मारली.

"इथे कोण कोण बाण मारतं?"

"मास्तर एकटेच. दुसऱ्या कोणाला येऊ देत नाहीत."

"मग बघा. ही ठिपक्याभोवती आडवी पसरलेली भोकं बोटांची. तीस वर्षांची विद्या ती हीच. हा उजवीकडचा मुठीएवढा झुबका. इथे बाण आडवे गेलेच नाहीत, कारण दोरी आकड्यातून सुटली होती. हा दामूचा आकडा. आणि त्याच्या बरोबर खाली, वीतभर अंतरावर, तेवढाच घट्ट दुसरा झुबका. ही नक्कल. कितीनं खाली जातं ते यांनी आधी मोजून घेतलं आणि काल टेबलावर आकडा बदलला."

नामा पाटील मास्तरांकडे वळले. मास्तर म्हणाले, भोकं काय, उंदीरही पाडतात. गुणाबाईनं कपाट उघडायला सांगितलं. किल्ली मास्तरांच्या जानव्याला होती; ती द्यायला त्यांनी फार वेळ लावला. दामूचा आकडा प्रशस्तिपत्रांच्या मागे सापडला.

"कापड तरी काढून टाकायचंत," गुणाबाई म्हणाली. "पण कापड तपासणाऱ्या बाईला भोकं वाचता येतील, हे तुमच्या मनातही आलं नसेल."

निकाल रद्द करायची मागणी तुळजानंच केली. पुढच्या रविवारी दुसऱ्या पंचांसमोर पुन्हा बाण सुटले. बकुळा पहिली आली, तुळजा दुसरी.

सोमवारी सकाळी मास्तर नारपोलीत आले. आजवर त्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. दामूनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला नाही. बकुळा समोरच पेटी भरत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"मी आकडा बदलला, हे खुशाल सांगा," ते गुणाबाईला म्हणाले. "पण आकड्यानं माझा नेम सुधारला, एवढं मात्र शेलारात बोलू नका."

गुणाबाईनं त्यांना पायापासून पागोट्यापर्यंत पाहून घेतलं.

"मी नाही बोलणार," ती म्हणाली. "तुळजानं ते कापड कालच चावडीवर टांगलंय."