खांद्यावरचा डाग

त्या रात्री होडीत दादाबरोबर कोण होतं? घरातल्या प्रत्येकाला मी हे विचारलं. उत्तर कोणीच दिलं नाही. आता तुम्ही धाकटे मला विचारताय, म्हणून जे पाहिलं ते सांगतो. दिवा राहू द्या.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ लोपेती. गेल्या जूनमधल्या अमावास्येला बुडाला. होडी आत्याची. आत्या म्हणाली, "दारू पिऊन माझी होडी चोरून नेली त्याने. एकटाच होता." आमच्या टोंगा बेटांवर बापाच्या बहिणीपुढे कोणी तोंड उघडत नाही. दादा चोर म्हणून मातीत जाणार होता आणि सगळे मान खाली घालून बसले. आईसुद्धा.

शुक्रवारी रात्री, अकराच्या सुमाराला, मला चर्चच्या कचेरीत पाठवलं. सकाळी दफनाला वाटायचे कागद काढायचे होते. वर दादाचा फोटो, खाली प्रार्थना. मला वाचता फारसं येत नाही, पण तिथलं झेरॉक्सचं मशीन दादाच चालवायचा आणि त्यानेच मला शिकवलं होतं.

पहिला कागद आला. दादाच्या खांद्यावर काळा डाग. काच पुसली. पुन्हा डाग. शाईचा डबा काढून हलवला, परत बसवला. डाग आणखी ठळक. मग दादाचं बोलणं आठवलं. "मूळ कागद उलटा ठेव. डाग जागेवर राहिला तर दोष मशीनचा. कागदाबरोबर फिरला तर कागदाचा."

उलटा ठेवला. डाग फिरला. पुन्हा खांद्यावरच.

मूळ कागद दिव्याखाली धरला. खांदा स्वच्छ होता.

डागाला बोटं होती. करंगळी अर्धीच.

तेवढ्यात फेआओ आत आला. आत्याचा मुलगा. कमरेला चटई, आमच्याकडे सुतकात गुंडाळतात ती.

"अजून झालं नाही? मशीनपण तुझ्यासारखंच मठ्ठ दिसतंय."

"तू हुशार ना. बघ मग."

त्याने कागद घेतला. हसू थांबलं. डावा हात हळूच चटईखाली गेला. त्या हाताची करंगळी जाळ्याच्या दोराने अर्धी तोडलेली. गावाला ठाऊक आहे.

"होडीत तू होतास ना?"

त्याने कागद उलटा करून मशीनवर ठेवला.

"फेआओ, तुला पोहायला दादाने शिकवलं."

त्याने भिंतीतली वायर उपटली. मशीनचा दिवा गेला.

शांत...

मग मशीन फिरलं.

एक कागद बाहेर आला. सावकाश. ओला.

फेआओ दार उघडं टाकून पळाला. मी कागदाला जीभ लावली. खारट.

वायर पुन्हा लावून मी रात्रभर काढलेला गठ्ठा सकाळी आईने पाहिला. प्रत्येकावर तोच हात.  मग कानाशी येऊन म्हणाली, "चांगले तेवढे निवडून वाट, बाळा. आत्याला दुखवू नकोस."

तिला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

चांगला एकही नव्हता. रीतीप्रमाणे पहिला कागद हा आत्याचा मान. ती दादाच्या उशाशी बसली होती. रात्रीचा तो अर्ध्या करंगळीचा कागद अजून सुकला नव्हता. मी सगळ्यांदेखत गुडघे टेकले आणि तो तिच्या मांडीवर ठेवला.