अरुंधतीच्या आई, आत या!

राऊ गावातल्या आमच्या प्रसूतिकेंद्रात एक नियम आहे आणि तो मोडणाऱ्याची मी गय करत नाही. कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिच्या पसंतीचं एक माणूस बसलंच पाहिजे. मग बाहेर नवरा रुसो की सासू. मी इथली मिडवाइफ. बाई ज्याचं नाव घेईल त्याला व्हरांड्यातून बोलावून आणणं माझ्याकडे.

अरुंधती दिवेलागणीला आली. पहिलटकरीण, भिंतीला धरून उभी, घामानं भिजलेली.

"कोणाला बोलावू गं?"

"आईला," ती म्हणाली.

मी बाहेर जाऊन खणखणीत आवाज दिला, "अरुंधतीच्या आई, आत या!"

बाकावरून तिची सासू, आनंदीबाई, धडपडत उठल्या. चेहरा पांढराफटक.

"सुरभीजी, कोणाला बोलवून राहिल्या तुम्ही? हिची आई तर हिच्या डिलिवरीतच गेली ना! मोठ्या अस्पतालात... घरच्या कोणालाच आत नाही जाऊ दिलं. एकटीच ओरडत होती बिचारी. पोरगी हातात पण नाही घेतली तिनं."

मी जीभ चावली. "मग तुम्हीच चला," म्हणत त्यांना घेऊन आत शिरले.

खोलीत फिनाइलचा उग्र वास कोंदला होता. आम्ही फिनाइल वापरत नाही. त्या वासानंच बायका अर्ध्या घाबरतात. अरुंधती मात्र कुशीवर शांत पडली होती.

"आई पाठ चोळतेय," ती हळूच म्हणाली. "हात गार आहेत तिचे... पण बरं वाटतंय."

तिच्या पाठीवरचा गाउन सावकाश वरखाली सरकत होता. जवळ कोणीच नव्हतं.

आनंदीबाईंनी माझं मनगट आवळलं. "बाहेर काढा तिला... भगवान के लिए..."

मलाही तिला घालवावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण बोलावणं माझं होतं. आणि जिला मरताना कोणी जवळ मिळालं नाही, तिला मी कोणत्या तोंडानं घालवणार?

"बसू दे," मी म्हणाले.

बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी. अरुंधतीनं तिला छातीशी धरलं, हसली आणि थकून झोपली. मी बाळाला आनंदीबाईंकडे दिलं, हात धुतले आणि वळले.

अरुंधतीचं डोकं उशीवर नव्हतं. गादीपासून वीतभर वर ते अधांतरी टेकलं होतं, कोणीतरी मांडीवर घ्यावं तसं. डोळे मिटलेले. गाल आत ओढले जात होते. ती काहीतरी चोखत होती, आणि ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची पातळ धार हनुवटीवर उतरत होती.

मागे बाळ भुकेनं रडायला लागलं.

"अरुंधती," मी म्हटलं, "बाळ, ऊठ. तुझी लेक रडतेय..."

तिनं ऐकलं असावं. कपाळाला बारीक आठी पडली. मग ती कूस बदलून त्या रिकाम्या जागेत आणखी आत शिरली.