हिरव्या पेन्सिलीच्या खुणा

बसा, दिवा जरा पुढे घेते. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता आणि त्यालाही मी भूत म्हणणार नाही. माझ्या लेखी तो अजून अधिकारीच आहे, आणि अधिकाऱ्यांची भीड मी कधी बाळगली नाही.

काम साधं होतं. आमच्या गावच्या डॉक्टर केस्टिंगची खासगी कागदपत्रं, बारा खोकी, त्याच्या मुलाने जिल्ह्याच्या दप्तरखान्याला दिली. हा केस्टिंग हिटलरच्या काळात जिल्हाधिकारी, आणि युद्ध हरल्यावर दहा वर्षांच्या आत पुन्हा जिल्हाधिकारी. मेला तेव्हा अंत्ययात्रेत सरकारी बँड वाजला होता. तळघरात एकटी बसून मी कागदांच्या गंजक्या टाचण्या काढायची, त्या काचेच्या बरणीत टाकायची आणि कागदात काय आहे ते तक्त्यावर शिसपेन्सिलीने लिहायची.

सातव्या खोक्यात यादी निघाली. डिसेंबर १९४१, पूर्वेकडे जाणारी गाडी, आपल्या जिल्ह्यातले एक्केचाळीस ज्यू. प्रत्येक नावापुढे हिरव्या पेन्सिलीची नाजूक खूण. आमच्या कचेऱ्यांत हिरवा रंग फक्त मुख्य साहेबाचा. दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. म्हणजे खुणा केस्टिंगच्याच. सत्ताविसावं नाव होतं क्लारा हिर्शलांड.

क्लाराची मुलगी मिर्याम दर मंगळवारी वर वाचनकक्षात येते. सात वर्षांची असताना आईने तिला इंग्लंडच्या बोटीत बसवलं, म्हणून वाचली. आता साठी उलटलीय.

"आईला कबर नाही हो," ती मला म्हणाली होती. "तुमच्या सूचीत एक ओळ तरी असू दे. कुणी शोधलं तर ती सापडायला हवी."

मी एक्केचाळीसच्या एक्केचाळीस नावं तक्त्यावर उतरवली आणि पाव-चीजचा डबा उघडला.

"माल्त्साइट," कपाटांच्या रांगेमागून कुणीतरी म्हणालं.

कचेरीत दुपारी बारानंतर कुणीही जाता जाता हे म्हणतं. जेवायची वेळ झाली, एवढंच. आपणही मान वर न करता तेच म्हणायचं. तोंडात घास होता, तरी मी म्हटलं, "माल्त्साइट."

मग लक्षात आलं. दार मी आतून लावलं होतं, किल्ली माझ्या खिशात होती. खोक्यांतल्या कागदांना होता तसाच सिगारचा वास येत होता... तक्त्यावर सगळ्या नावांवरून हिरवी रेघ मारलेली होती, आणि वर हिरव्यातच लिहिलं होतं: किरकोळ पत्रव्यवहार.

मी तडक वर गेले. आमचे प्रमुख रूनाउ यांच्यापुढे तक्ता आपटला. "साहेब, थट्टा पुरे."

त्यांनी रेघेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी नाही... हिरवी पेन्सिल माझ्याकडे नाहीच." मग म्हणाले, "पण राहू द्या ना तसंच, फ्राउ टेनहागन. कशाला वाकड्यात शिरता? केस्टिंगच्या मुलालाही तेच हवंय."

"मुलाला, की बापाला?"

"तक्त्यावर न खोडलेलं जे असेल तेच मी छापायला देईन," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी नवा तक्ता लिहिला. दुपारी बाराला तोच आवाज, मी गप्प राहिले, तरी तीच रेघ. तिसऱ्या दिवशीही तेच. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण भीतीहून संताप मोठा होता. हा माणूस मेल्यावरही ठरवणार, कोण होतं आणि कोण नव्हतं!

चौथ्या दिवशी बारा वाजले.

"माल्त्साइट..." या वेळी अगदी कानाशी.

"क्लारा हिर्शलांड," मी म्हटलं. मोठ्याने.

पेन्सिलीचं टोक तुटल्याचा आवाज आला. चाळीस नावांवर रेघ होती, क्लाराच्या नावावर नव्हती.

मग रोज बाराला त्याने माल्त्साइट म्हणायचं आणि मी एक नाव. उच्चारलेलं नाव टिकायचं. एक्केचाळीस दिवस लागले. रूनाउ साहेबांनी मुकाट्याने सूची छापायला दिली. ती छापून आली त्या मंगळवारी मिर्यामने सत्ताविसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. "आहे," एवढंच म्हणाली. मी तिच्यासमोर रडले, तिनेच मला पाणी दिलं.

मला वाटलं, संपलं. खाली येऊन तक्ता पाहिला. एक्केचाळीसाव्या नावाखाली हिरवा आकडा होता: ४२. त्यापुढे कोरी जागा, आणि एक अक्षर... 'मि'.

मी ते खोडरबराने पुसलं. बोटाला रंग ओला लागला. तेव्हापासून रोज सकाळी ते पुन्हा उमटलेलं असतं, रोज मी पुसते, आणि बाराला क्लारापासून पुन्हा सगळी नावं त्याला ऐकवते. मिर्यामला यातलं काही सांगितलेलं नाही.

येत्या महिन्यात मी निवृत्त होतेय. रूनाउंनी तळघराची किल्ली मागितलीय; मी गेल्यावर ते पुसणारं कुणी नाही. आज सकाळी 'मि'च्या पुढे 'र्या' उमटला होता.

किल्ली मी देणार नाही. त्यांनाही नाही आणि त्यालाही नाही.