शनिवारचं दळण

"याच्या आधी काय दळलंय हो?"

पिठाने पापण्यांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला माझ्याकडे बघतच राहिला. "गहू. का?"

"मग माझी ज्वारी नका घालू. मी एका महिन्यासाठी गहू बंद केलाय… कणसुद्धा नको."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"नाही. जेवले की सुस्ती येते, पोट जड होतं. गव्हामुळे होतं का, ते मलाच बघायचंय."

मी वही दाखवली. रोजचं जेवण, रोजचा शेरा. तो हसला नाही. हात पुसून त्याने ती चक्क वाचली. तिथेच तो मला आवडला, हे आत्ताच सांगून टाकते.

हितेंद्र त्याचं नाव. प्रभादेवीत आमच्याच गल्लीत वडिलांची गिरणी चालवायचा. कोपऱ्यात एक छोटी चक्की होती, फक्त उपवासाच्या दळणाची. वरी, राजगिरा, साबुदाणा. गहू तिला कधी लागलेलाच नव्हता.

"पण तिच्यात ज्वारी घातली तर गल्लीतल्या बायका मलाच दळतील," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून… "शनिवारी दुपारी या. बंद करायच्या वेळी घेतो. नंतर साफ करून ठेवीन."

तेव्हापासून दर शनिवारी मी डबा घेऊन हजर. त्याचे प्रश्न मात्र संपता संपत नसत.

"आज काय शेरा, स्पृहा मॅडम?"

"सुस्ती गायब. पण भाकरी तव्यावर जायच्या आधीच तुटते."

"उकळतं पाणी घाला. आणि एवढ्या रागाने नको थापू—" तो चपापला. "थापू नका."

"नको थापू चालेल," मी म्हटलं. तो कानांपर्यंत लाल झाला. पिठातूनही दिसलं!

चौथ्या शनिवारी डब्याचं झाकण विसरले म्हणून परत गेले. शटर अर्धं खाली होतं. आत हितेंद्र चक्कीचा दगड काढून ब्रशने घासत बसला होता, घामाघूम. माझ्या दोन किलो ज्वारीपायी दर शनिवारी हे! मी आवाज न करता मागे फिरले. त्या दिवशी वहीत काही लिहिताच येईना.

महिना संपला. एकतिसाव्या दिवशी आईच्या हातच्या तीन चपात्या खाल्ल्या आणि वाट बघत बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशी चार. तरी काही नाही. गहू निर्दोष सुटला! आनंद व्हायला हवा होता, मला तर रडूच आलं. आता वेगळं दळण कशाला? शनिवार तरी कशाला?

मग वही पहिल्यापासून वाचली. त्या महिन्यात गव्हाखेरीज आणखी एक गोष्ट बदलली होती. तीही बंद करून बघायला हवी होती…

पुढच्या शनिवारी मी गेलेच नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी गेले.

"गहू दळायचाय."

हितेंद्रचा चेहरा उतरला. "म्हणजे… प्रयोग संपला?"

"एक संपला. दुसरा मागच्या शनिवारी केला. मुद्दाम आले नाही."

"मग?"

मी वही त्याच्यापुढे धरली. पानावर एकच शेरा होता. ‘जेवण गेलं नाही. झोप नाही. कारण गहू नव्हे, हितेंद्र.’

त्याने तो दोनदा वाचला.

"मागच्या शनिवारी चारपर्यंत वाट बघितली मी," तो हळूच म्हणाला. "मग चक्की घासली. ज्वारी पडलीच नव्हती… तरी घासली."

त्याने माझा डबा उचलला आणि रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला.

"वेळ लागेल. बसशील?"

मी बसले.