मावशींची जन्मतारीख

औषधाच्या दुकानाचं दार उघडलं, वजनकाट्याला कुणीतरी धडकलं आणि काउंटरमागच्या फार्मासिस्ट तरुणीला न बघताच कळलं – मावशींचा भाचा आला! सहा महिन्यांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेव्हाही असाच धडकला होता. तेव्हा ती खुदकन हसली होती... आणि तिथेच फसली होती.

आज मात्र तिचं मन लागत नव्हतं. मावशींच्या गुडघ्याच्या औषधांचा हा शेवटचा महिना. डॉक्टरांच्या चिठ्ठीची मुदत आज संपणार. मग हा इथे कशाला फिरकेल?

“पेशंटची जन्मतारीख?” तिने विचारलं. माणूस कितीही ओळखीचा असो, विचारल्याशिवाय औषध द्यायचं नाही, हा दुकानाचा नियम.

“सतरा ऑगस्ट, अठ्ठ्याण्णव.”

“अगंबाई! मावशी माझ्याहून एकाच वर्षाने मोठ्या?”

तो कानापर्यंत लाल झाला. “अहो, ती माझी... डोक्यात दुसरंच चाललं होतं –”

“तारीख चुकली की पेशंटला फोन करावा लागतो.”

“फोन नको!”

खरं तर त्याने आता बरोबर तारीख सांगितली असती, तरी भागलं असतं. पण तो आणखी पाच मिनिटं समोर थांबावा, एवढाच तिचा स्वार्थ. तिने मावशींना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि पिशवी भरायला घेतली.

मावशींनी तारीख घडाघडा सांगितली. “आणि भाचा माझाच हो! पण काय गं बाळ, तुमच्याकडून घरपोच औषध मिळत नाही का? मी दर महिन्याला म्हणते, घरी मागव. तर म्हणतो, स्वतःच जावं लागतं.”

त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. तिने फोन ठेवला.

“घरपोच मिळतं,” ती हळूच म्हणाली. “पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला.”

“आठवतंय.” तो काउंटरकडे बघत पुटपुटला. “पुढच्या महिन्यात काय निमित्त काढून यायचं, तेच ठरवत आलो होतो. काही सुचलं नाही... तुम्ही आवडता मला. एवढंच आहे.”

पिशवी त्याच्या हातात देताना तिने ती लगेच सोडली नाही.

“सहाला सुटते मी,” ती म्हणाली. “आधी मावशींना औषध द्या. मग या... निमित्ताशिवाय.”

पावणेसहालाच तो दारात हजर झाला. दुकानात अजून चार गिऱ्हाइकं होती आणि तिला इतका आनंद झाला, की पुढच्या आजोबांना तिने जन्मतारीख दोनदा विचारली.