आहार: पेनिसिलिन

फिजीतल्या लबासाच्या रुग्णालयात मंगळवारी दुपारी दोनला नर्स लितियाने जोने नावाच्या म्हाताऱ्याला पेनिसिलिन टोचलं आणि पाचव्या मिनिटाला त्याचा श्वास कोंडला. जीव वाचला, पण लितियाला घरी बसवलं.

"स्क्रीनवर ॲलर्जीपुढे 'नाही' होतं," लितिया चौकशीत म्हणाली.

"आता बघ की!" संगणक विभागाचा अविनेश हसला. "पेनिसिलिन. नोंद पाच वर्षं जुनी. कुणी हात लावलेला नाही."

सुवाहून चौकशीला आलेल्या शालेश्नीने तपासलं. तो म्हणत होता ते खरं होतं. तरी ते हसू तिला ओशट वाटलं.

"ही माहिती आणखी कोण बघतं?"

"स्वयंपाकघर. जेवणाच्या चिठ्ठ्या यातूनच छापतात."

स्वयंपाकी तेविता तांदूळ निवडत होता.

"मंगळवारी सकाळी काही वेगळं दिसलं?"

"वेगळं? ताई, चिठ्ठीवर आहार म्हणून पेनिसिलिन! मी अविनेशसाहेबांना विचारलं, तळून देऊ की उकडून? म्हणाले, गप्प बस."

खिळ्याला अडकवलेली चिठ्ठी त्याने काढून दिली. जोने. ॲलर्जी: नाही. आहार: पेनिसिलिन.

शालेश्नीने संगणकातलं माहितीचं मूळ टेबल उघडलं. मग सर्व्हरच्या नोंदी.

संध्याकाळी संचालकांच्या खोलीत तिने लितियाच्या देखत अविनेशसमोर चिठ्ठी ठेवली.

"सोमवारी तुम्ही टेबलात ॲलर्जीच्या आधी नवा रकाना घातलात. धूम्रपान. पण स्क्रीन टेबल थेट वाचत नाही, व्ह्यूमधून, म्हणजे मधल्या साठवलेल्या मांडणीतून वाचते. तो व्ह्यू ताजा केला नाहीत. त्याचे मथळे जुनेच राहिले, खालची माहिती एक घर सरकली. जोने विडी ओढत नाही. ते 'नाही' ॲलर्जीखाली आलं. ॲलर्जी गेली आहाराखाली."

"नजरचूक झाली."

"मंगळवारी सकाळपर्यंत नजरचूक होती. तेविताने सांगितल्यावर तुम्हाला कळलं, तरी हलला नाहीत. व्ह्यू ताजा झाला दोन वाजून चाळीस मिनिटांनी. तुमच्याच नावाने. म्हातारा तडफडत होता आणि तुम्ही पुरावा पुसत होता. वर हिच्याविरुद्ध अहवाल लिहिलात!"

संचालकांनी मान वळवली. अविनेशकडे बघवेना.

"नोकरी गेली असती माझी," तो पुटपुटला. "लितिया, बहीण समजून..."

"काल तू घरी आलास," लितिया म्हणाली. "आईला म्हणालास, पोरीकडून चूक झाली, माफ करा. तिने तुला ताटभर उकडलेला डालोचा कंद वाढला. दोनदा मागून खाल्लास, मेल्या!"

ती दार उघडून बाहेर जाऊन थुंकली.